उपवासाचं मीठ

"तुमची किडनी चांगली आहे, बेन. पण आत्ता मी ती घेऊ शकत नाही."

डॉक्टरांनी हे आईकडे बघून म्हटलं आणि आईने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर गुजरातीत बोलत होते. बडोद्यात वीस वर्षं काढलेल्या माझ्या आईला गुजराती माझ्याइतकंच कळतं. तिला वाक्य समजलं होतं, पटलं नव्हतं.

किडनी पप्पांना द्यायची होती. रक्तगट जुळला होता. क्रॉस-मॅच, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त एकमेकांशी भांडत नाही ना हे बघणारी तपासणी, तीही चांगली आली होती. तो निकाल आला त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली होती. अडलं ते भलत्याच ठिकाणी. आईचं वजन ब्याऐंशी किलो, उंची पाच फुटांच्या जेमतेम वर. बीपी प्रत्येक वेळी चढलेलं. आणि एचबीए-वन-सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती ते सांगणारी तपासणी, ती डायबेटिसच्या अगदी उंबऱ्यावर.

"साहेब, मला काही होत नाही," आई म्हणाली. "मी दिवसभर काम करते."

"बीपीचं तेच तर आहे. तुमच्या मिस्टरांनाही काही होत नव्हतं."

मग त्यांनी फाइल मिटली आणि जरा हळू आवाजात सांगितलं. एक किडनी दिल्यावर उरलेल्या एकीवर आईला सगळं आयुष्य काढायचं आहे. बीपी आणि साखर अशीच राहिली तर काही वर्षांनी आईच डायलिसिसच्या खुर्चीत बसेल. "एक पेशंट बरा करायला दुसरा तयार करणं मला जमणार नाही. मीठ, साखर, वजन. तिन्ही खाली आणा. मग या."

बाहेर बाकावर पप्पा बसले होते. आईने त्यांना एवढंच सांगितलं, "जरा बारीक व्हायला सांगितलंय."

हे सगळं मी का लिहितेय ते आधी सांगते. डायलिसिसच्या हॉलबाहेर बसून मी मोबाइलवर पुष्कळ शोधलं. मीठ कसं कमी करायचं, वजन कसं उतरवायचं, सगळं सापडलं. पण आमच्यासारख्या घरात ते कुठे अडतं, हे सांगणारं काही सापडलं नाही. मी डॉक्टर नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. त्यामुळे रिपोर्ट वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. वाचता आलं म्हणजे कळलं असं नसतं, हे मला नंतर समजलं. माझं काही चुकलं असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं.

आम्ही मूळचे जळगावकडचे. पप्पा लग्नाआधीच कामासाठी बडोद्याला आले. वाघोडियाला एका कारखान्यात मशीन चालवायचे. आम्ही वाडी नावाच्या भागात एका पोळात, म्हणजे दाटीवाटीच्या जुन्या गल्लीत, दोन खोल्यांत राहतो. समोरच्या घरात हंसाबेन आणि त्यांची नात राहतात. दोन्ही घरांच्या मध्ये गल्ली एवढी अरुंद की आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्या मोजतात.

पप्पांचे पाय सुजायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, दिवसभर उभं राहून सुजत असतील. मग भूक गेली, चेहरा सुजला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन खूप वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातली घाण, जी किडनीने बाहेर टाकायची असते. ती वाढली म्हणजे किडनी काम करत नाही. कित्येक वर्षं बीपी चढलेलं होतं आणि कुणी मोजलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा हातात जाड सुया, चार-चार तास मशीन.

पप्पांचं मीठ तेव्हाच बंद झालं. आमच्याकडे ताट वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात, ताटाच्या वरच्या बाजूला मधोमध, चिमूटभर. आई पप्पांचं ताट वाढताना ती जागा रिकामी ठेवायची. तिचा हात सवयीने तिथपर्यंत जायचा आणि परत यायचा. मी ते रोज बघायचे.

किडनी देणारी आईच होती. मी विचारलं होतं, पण डॉक्टरांनी माझं वय बघून नको म्हटलं, आणि पप्पांनी तर मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. काकांना डायबेटिस आहे. आजी-आजोबा नाहीत. त्यामुळे आईचं वजन, आईचं बीपी आणि आईची साखर यांच्यावर पप्पांचं सगळं अवलंबून होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं.

सोडियम म्हणजे फक्त मीठ नाही, हे मी तेव्हा शिकले. आपल्या जेवणात ते मुख्यतः मिठातून येतं, पण पापडखार, खाण्याचा सोडा, लोणचं, पापड, फरसाण, बिस्किट, ब्रेड, सॉस, सगळ्यात ते असतं. बडोद्यात तर गाठियाशिवाय सकाळ होत नाही, आणि गाठियात मीठही असतं आणि सोडाही. साखरेचंही तेच. आमची आमटी इथे राहून राहून गोड झाली होती. जळगावहून आलेली मावशी पहिला घास खाऊन विचारायची, "ताई, ही डाळ आहे की पुरणाची तयारी?"

मी गूळ, पापड, लोणच्याच्या बरण्या, फरसाणचे डबे सगळं काढलं आणि हंसाबेनना देऊन आले. त्या दारातच उभ्या राहिल्या. "आटलुं बधुं अथाणुं? घर खाली करो छो के शुं?" एवढं लोणचं बघून त्यांना वाटलं आम्ही घर सोडून चाललो.

आईच्या चहात दोन चमचे साखर असायची. ती मी एक केली, मग अर्धा. चहा चार वेळा होता तो दोन वेळा. रात्रीचा भात बंद, ज्वारीची भाकरी सुरू. मीठ मी डाळ-भाजीत अगदी थोडं घालायचे. पहिल्या दिवशी आईने घास घेतला आणि तो चावतच राहिली. पप्पांनी तिच्याकडे बघितलं.

"आता कळलं का, मी इतके महिने काय खातोय ते?"

"कळलं," आई म्हणाली. "तोंड आहे का नाही तेच कळत नाहीये."

ते दोघं हसले. त्या दिवसांत आमच्या घरात हसू कमी असायचं, म्हणून मला ते लक्षात आहे.

संध्याकाळी आई आणि मी चालायला जायचो. वाडीतून निघून सुरसागर तळ्याला फेरी मारायची आणि परत. सुरुवातीला आईचे गुडघे दुखायचे. वाटेत ओळखीची कुणी ना कुणी भेटायची आणि विचारायची, "काय मग, लेकीच्या लग्नासाठी बारीक होताय का?" आई मान हलवायची. किडनीचं ती कुणाला सांगत नव्हती. देईन तेव्हा सांगेन, म्हणायची.

पहिल्या महिन्यात वजन दोन किलो उतरलं. मला वाटलं, जमलं. मग ते तिथेच थांबलं. दुसऱ्या महिन्यात हललं नाही. बीपी तर जिथे होतं तिथेच.

डॉक्टरांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "घरी काहीतरी खाल्लं जातंय."

"नाही साहेब."

"बेन, आकडे खोटं बोलत नाहीत."

घरी आल्यावर पप्पांनी नेहमीसारखी थट्टा केली. "काय गं, आम्ही झोपल्यावर चोरून गाठिया खातेस की काय?" आई उठली. मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि खूप वेळ भांडी घासत बसली. घासायला तीनच भांडी होती. पप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मी असंच म्हटलं गं."

आई चोरून खात नव्हती. मी तिला दिवसभर बघत होते. मग हे होत कसं होतं, ते आमच्या कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

मग डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. ही तपासणी किडनी देणाऱ्यांची करतातच. एक मोठा प्लास्टिकचा कॅन देतात, दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी त्यात जमा करायची. त्यातून किडनी किती काम करते हे कळतं, आणि आणखी एक गोष्ट कळते जी आम्हाला माहीत नव्हती. आपण खाल्लेलं सोडियम बहुतेक सगळं लघवीतून बाहेर पडतं. त्यामुळे माणसाने दिवसभरात किती मीठ खाल्लं, ते कॅन सांगतो.

आईने सोमवार निवडला. सोमवारी तिचा उपवास असतो, त्यामुळे ती कुठे बाहेर जात नाही, कॅन घरीच ठेवता येईल म्हणून.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी समजावलं की दिवसाला साधारण एक छोटा चमचा, पाच ग्रॅम, एवढं मीठ पुरे. आईच्या पोटात त्याच्या जवळजवळ तिप्पट गेलं होतं.

"त्या दिवशी काय काय खाल्लं होतं?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही," आई म्हणाली. "सोमवार होता. उपवास."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. फराळ फक्त."

मॅडमनी पेन हातात घेतलं. "फराळाचं सांगा."

आई सांगत गेली. सकाळी चहा आणि राजगिऱ्याचे दोन लाडू. अकरा वाजता फराळी चिवडा, विकतचाच, तो घरी कोण करणार. दुपारी साबुदाण्याची खिचडी, तिच्यात थोडी साखर, नाहीतर लागत नाही. बरोबर बटाट्याचे वेफर्स. तीन वाजता ताक, दोन पेले, जिरं घालून. संध्याकाळी मोरैयो, म्हणजे भगर, आणि शेंगदाण्याची आमटी. झोपताना मसाला घातलेले शेंगदाणे मूठभर, कारण उपाशी झोप येत नाही.

"आणि या सगळ्यात मीठ किती?"

आई जरा दुखावल्यासारखी झाली. "मीठ नाही हो. उपवासाला मीठ कसं चालेल? सैंधव."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी आईच्या शेजारी बसले होते. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत सैंधव म्हणजे मीठ हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी घरातली मिठाची बरणी उचलून वर ठेवली होती. सैंधवाची बरणी देवाच्या फळीवर, उपवासाच्या डब्यांत होती. ती स्वयंपाकघरात मोजलीच जात नव्हती. फराळ जसा आमच्याकडे जेवणात मोजला जात नाही, तसंच.

"सैंधव पण मीठच आहे, बेन," मॅडम म्हणाल्या. "दगडातून काढलेलं. पण सोडियम त्यातही तेवढंच, थोडं इकडेतिकडे. आणि चव जरा कमी लागते म्हणून हात सैल पडतो." मग त्यांनी विचारलं, "असा उपवास आठवड्यातून किती वेळा?"

"सोमवार. गुरुवार. शनिवार. आणि चतुर्थी, एकादशी आल्या की त्या."

मॅडमनी बोटांवर मोजलं. अर्धा आठवडा. मी कमी केलेलं सगळं मीठ आणि सगळी साखर त्या अर्ध्या आठवड्यात परत येत होती.

आईचे आधी सोमवार आणि चतुर्थीच होते. बाकीचे पप्पांसाठी धरलेले. डायलिसिस सुरू झाल्यावर तिने शनिवार धरला. गुरुवारची गोष्ट वेगळी आहे. एका गुरुवारी दुपारी पप्पांच्या छातीत पाणी झालं. पाणी जास्त प्यायलं गेलं आणि शरीराबाहेर पडायला वाट नसली की ते फुफ्फुसात साठतं, माणसाला श्वास घेता येत नाही. पप्पांचे ओठ निळे झाले होते. त्यांना आत नेलं आणि दार बंद झालं. आई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, ओठ हलत होते. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आता बरे आहेत. तेव्हापासून आईचा गुरुवार.

मॅडम म्हणाल्या, हे जादा उपवास सोडा. आई "बरं" म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मी सोडणार नाही."

"आई, रिपोर्ट बघितलास ना?"

"बघितला. पण मी सोडला आणि त्यांना काही झालं तर? तुझा रिपोर्ट येईल का मग सांगायला?"

माझं शिक्षण या प्रश्नाला पुरत नव्हतं. आता विचार करते तर वाटतं, कुणाचंच पुरलं नसतं.

पप्पांनी एकदाच तोंड उघडलं. "माझ्यासाठी उपास करतेस, आणि त्या उपासामुळे मला किडनी मिळत नाही. हे देवाला तरी कळतंय का?" आई उठून आत गेली. त्यानंतर कित्येक दिवस त्या दोघांमध्ये फक्त गोळ्यांच्या वेळांपुरतं बोलणं होत होतं.

जून संपता संपता पप्पांचा फिस्टुला बंद पडला. फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, जिथे डायलिसिसची सुई लावतात. हात लावला की तिथे मांजर गुरगुरल्यासारखं जाणवतं. एका सकाळी पप्पांनी मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाले, "कोमल, हे गप्प झालंय." त्याच दिवशी मानेत नळी घालावी लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. अशा जागा शरीरात मोजक्याच असतात, म्हणाले, आणि नळीत जंतू होण्याची भीती असते. "ट्रान्सप्लांट जितकं लवकर होईल तितकं बरं. मम्मीचं काय झालं?"

मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तिने साबुदाणा भिजवला होता. सकाळी तो तिने केला नाही, गायीला घालून आली, आणि दिवसभर पाण्यावर राहिली. दुपारी तिला चक्कर आली. हेही चालणार नव्हतं.

जुलैत, आषाढात, हंसाबेनच्या नातीचं गौरी व्रत आलं. इकडे त्याला मोळाकत म्हणतात. लहान मुली पाच दिवस करतात. टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवतात, त्यांना जवारा म्हणतात, रोज पूजा करतात आणि पाचही दिवस मोळं खातात. मोळं म्हणजे अळणी. मीही शाळेत असताना मैत्रिणींबरोबर केलं होतं. तेव्हा सगळं लक्ष नव्या कपड्यांकडे आणि काजू-बदामांकडे असायचं.

हंसाबेननी आईला पूजेला बोलावलं. मी दारात उभी होते. नात मांडी घालून जेवायला बसली होती. तोंड एवढंसं करून दुधात पोळी कुस्करत होती. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं,

"हंसाबेन, हिला सैंधव पण नाही चालत?"

"ना रे बेन!" हंसाबेन म्हणाल्या. "मीठुं एटले मीठुं. सिंधव पण नहीं. सिंधव खाय तो व्रत शानुं?"

मीठ म्हणजे मीठ, सैंधव खाल्लं तर ते व्रत कसलं. हेच वाक्य मॅडमनी वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. पण त्या आईला उपवास सोडायला सांगत होत्या. हंसाबेन सांगत होत्या की उपवास याहून कडक असतो. आई परत येताना गल्लीत मध्येच थांबली. मला म्हणाली, "इतकी वर्षं मी मीठ खाऊनच उपास करत होते म्हणजे."

पुढच्या सोमवारी तिने देवाच्या फळीवरून सैंधवाची बरणी काढली आणि माझ्या हातात दिली. देवाला हात जोडून म्हणाली, "आजपासून अळणी." तिने उपवास मोडला नाही. आणखी कडक केला.

आम्ही मॅडमना जाऊन विचारलं. हे तुम्हीही करा, स्वतःच्या मनाने मीठ एकदम बंद करू नका. मॅडम म्हणाल्या, आठवड्यातून एखादा दिवस अळणी चालेल, रोज नाही, आणि उपाशी तर मुळीच राहायचं नाही. दही, एखादं फळ, थोडं उकडलेलं रताळं, संध्याकाळी भाकरी आणि भाजी. साबुदाणा, लाडू, चिवडा नाही. आईने आणखी एक विचारलं, बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणू का? मॅडमनी जोरात मान हलवली. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि किडनीच्या पेशंटला ते घातक ठरू शकतं. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर हे लक्षात ठेवा.

राहिले गुरुवार आणि शनिवार. आठवड्याला एकच उपवास चालणार होता, आणि बाकीचे सोडायला आई अजूनही तयार नव्हती. हा गुंता पप्पांनी सोडवला. मानेत नळी होती, मान वळत नव्हती, पलंगावर सरळ बसून ते म्हणाले,

"गुरुवार माझ्याकडे दे."

"तुम्हाला उपास नाही करायचा, डॉक्टरांनी—"

"करायचा कशाला? मी रोज अळणी जेवतो. पाणी मोजून पितो. हंसाबेनच्या हिशोबाने माझं वर्षभर मोळाकतच चाललंय. फक्त देवाला सांगायचं राहिलं होतं, ते सांगतो."

आईला हसू आलं आणि त्याच वेळी तिने पदर डोळ्यांना लावला. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याजवळ पलंगावर बसली. शनिवार मी घेतला. देवाला सांगून घेतला, कारण आईला ते तसंच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही. चतुर्थी-एकादशीला ती नुसतं दर्शन घेऊन यायला लागली.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. वजन हळूहळू उतरत गेलं. कधी एखाद्या आठवड्यात काहीच नाही, मग अर्धा किलो. काही दिवसांनी जिभेत एक बदल झाला जो मी आधी वाचला होता पण खरा मानला नव्हता. आईने पालक खाल्ला आणि म्हणाली, "तू यात मीठ घातलंस?" मी घातलं नव्हतं. पालकाचं स्वतःचं मीठ तिला पहिल्यांदा लागत होतं. एकदा लग्नात तिने इथली गोड डाळ चाखली आणि वाटी बाजूला ठेवली. तिला ती औषधासारखी लागली.

दिवाळीनंतर आईच्या दंडाला एक पूर्ण दिवस मशीन बांधलं. थोड्या थोड्या वेळाने ते आपोआप बीपी मोजतं, झोपेतसुद्धा. आई त्याला "पाहुणा" म्हणायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडे बघितले, लघवीचा नवा रिपोर्ट बघितला, साखर बघितली. वजन सत्तरच्या थोडं वर होतं.

"काय केलंत, बेन?"

"उपास," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ते म्हणाले, "आता मी तुमची किडनी घेऊ शकतो."

त्यानंतर अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर जावं लागतं. तिथे आईला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? आई म्हणाली, "दबाव कसला? साहेब, मला तर इतके महिने कुणी देऊच देत नव्हतं."

ऑपरेशन झालं त्या दिवशी मी दोन मजल्यांमध्ये जिने चढत-उतरत होते, कारण आई एका मजल्यावर होती आणि पप्पा दुसऱ्या. आईला शुद्ध आली तेव्हा तिने पोटाला हात लावला नाही, पाणी मागितलं नाही. विचारलं, "त्यांना लघवी झाली?" झाली होती. पलंगाला लावलेली पिशवी पिवळ्या पाण्याने भरली होती. दीड वर्षाने. मी ते बघून आले होते आणि सांगताना मला रडू आवरलं नाही. लघवीवरून रडावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

व्रत पुरं झालं की त्याचं उद्यापन करतात, चार माणसांना जेवायला घालतात. नव्या किडनीला जंतूंची भीती, पप्पांना गर्दी चालत नव्हती, म्हणून आईने बरेच महिने थांबून ते केलं, आणि फक्त हंसाबेन आणि त्यांच्या नातीला बोलावलं. पप्पा आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून, वेगळे जेवायला बसले. स्वयंपाक आईने केला. मीठ कमीच.

माझे आभार फार लोकांना पोचायचे आहेत. डायलिसिसच्या सिस्टर, ज्या पप्पांना सुई टोचताना त्यांच्याशी क्रिकेटवर भांडायच्या. आईला नाही म्हणणारे डॉक्टर. आधी मला त्यांचा राग आला होता. ते तेव्हाच हो म्हणाले असते तर आज माझ्या घरात कदाचित दोन पेशंट असते. मॅडम. आणि हंसाबेन, ज्यांना आपण काय केलं ते अजून नीट माहीत नाही. तुमच्या घरी कुणाला मीठ-साखर कमी करायची असेल आणि आकडे हलत नसतील, तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नका. जे जेवण तुमच्या घरात जेवण म्हणून मोजलं जात नाही, त्याबद्दल विचारा. आणि हळू विचारा. बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी काळजीपोटीच खाल्लं जात असतं.

उद्यापनाच्या दिवशी आईने ताटं मांडली. हंसाबेनच्या ताटात वर मधोमध चिमूटभर मीठ वाढलं, नातीच्या, माझ्या. मग पप्पांचं ताट घेतलं. डॉक्टरांनी त्यांना आता थोडं मीठ चालेल म्हणून सांगितलं होतं, अगदी थोडं. आईचा हात त्या रिकाम्या जागेपर्यंत गेला आणि या वेळी परत आला नाही. दोन बोटांत मावतील तेवढे चार दाणे तिने तिथे ठेवले आणि ताट आत नेऊन दिलं.

पप्पांनी ते दाणे बराच वेळ नुसते बघितले. एक उचलून जिभेवर ठेवला.

"खारट आहे गं," ते म्हणाले.

बाकीचे तीन दाणे जेवण होईपर्यंत तसेच ताटात होते.